दप्तराचे नाव आणि कपाटाची जागा

जुन्या अभिलेख कक्षात ज्यांनी थोडाफार काळ घालवला आहे त्यांना रुमालांची व्यवस्था ठाऊक असेल. कागद कापडी रुमालात बांधलेले, रुमालावर विषय व वर्ष, आणि तो कोणत्या कपाटात ठेवला आहे याची नोंद एका वेगळ्या वहीत. कपाट मोडले किंवा कचेरीची इमारत बदलली तरी रुमालाचे नाव बदलत नसे. बदलायची ती वहीतील एक ओळ.

संगणक आल्यावर हा विवेक आपण नकळत सोडून दिला. फाइल कुठे आहे असे विचारले तर उत्तर मिळते, "डी ड्राइव्हवर, अमक्या फोल्डरमध्ये." म्हणजे दप्तराची ओळख कपाटावरून! यंत्र बदलले की डी ड्राइव्हचा ई ड्राइव्ह होतो, आणि त्या पत्त्यावर बेतलेली सगळी कामे खोळंबतात. बाबूची बदली झाली तर पत्ताही त्याच्याबरोबर जातो.

युनिक्स या संगणक-प्रणालीत हा घोळ नाही. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. तिच्यात ए, सी, डी अशी ड्राइव्हची अक्षरे नाहीत. एकच मूळ, आणि त्यातून फुटलेल्या शाखा. नवी डिस्क जोडली की ती या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसवायची, यालाच 'माउंट' म्हणतात. वापरणाऱ्याला फांदीचे नाव कळले की पुरे. त्यामागे कोणती डिस्क आहे, ती याच खोलीत आहे की शेजारच्या इमारतीत, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. रुमाल व वही यांचेच हे नाते आहे.

परंतु सरकारी कचेऱ्यांतील बहुतेक यंत्रांवर विंडोज आहे, आणि सगळी प्रणाली बदला असे सांगणे व्यवहार्य नाही. मग मार्ग कोणता? सिग्विन नावाचा एक मुक्त संगणक-प्रणालींचा संच १९९५ पासून उपलब्ध आहे. सिग्नस या कंपनीत त्याचा आरंभ झाला. तो विंडोजवरच बसतो आणि विंडोजला धक्का न लावता युनिक्सची साधने वापरू देतो : शब्द शोधणारे ग्रेप, ओळी क्रमाने लावणारे सॉर्ट, पुनरावृत्ती वेचणारे युनिक, दोन याद्यांची तुलना करणारे कॉम, रकान्यांवर काम करणारे ऑक. प्रत्येक साधन एकच काम करते. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती द्यायचे, ही त्यांची कार्यपद्धती.

सिग्विनमध्ये सी ड्राइव्ह 'सिगड्राइव्ह' या शाखेखाली आपोआप दिसतो. परंतु खरा उपयोग आपण स्वतः नाव देण्यात आहे. 'इटीसी' या फोल्डरमध्ये 'एफएसटॅब' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात एक ओळ लिहायची : डी ड्राइव्हवरील अमुक फोल्डर यापुढे 'दप्तर' या नावाने ओळखावे. सर्व्हरवरील सामायिक फोल्डरही असाच जोडता येतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर तिच्याऐवजी उलटी तिरकी रेघ व ०४० हा संकेत लिहावा लागतो, हे विसरल्यामुळे अनेकांची पहिली खटपट फसते. नुसती माउंट ही आज्ञा देऊन केलेली जोडणी सिग्विन बंद होईपर्यंतच टिकते. कायमची हवी असेल तर ती या फाइलमध्येच लिहिली पाहिजे. उद्या यंत्र बदलले तर एकच ओळ बदलायची. बाकीच्या आज्ञा जशाच्या तशा चालतात. मात्र हे नाव सिग्विनच्या साधनांनाच कळते, विंडोजच्या इतर कार्यक्रमांना नाही, हेही लक्षात ठेवावे.

याचा प्रशासनाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. एक अनुभव सांगते. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या दोन याद्या जुळवायच्या होत्या. एक रक्कम मिळणाऱ्यांची, दुसरी हयातीचे दाखले आलेल्यांची. पहिलीत आहे पण दुसरीत नाही, त्याचे निवृत्तिवेतन थांबवायचे, असा आदेश. खाते क्रमांकांच्या दोन्ही याद्या क्रमाने लावून तुलना केली, तेव्हा एकही क्रमांक जुळला नाही. संगणकाच्या मते संपूर्ण तालुक्यात कोणीही हयात नव्हते!

उत्तर इतके अशक्य होते म्हणून आम्ही थांबलो. दोन्ही याद्यांत डोळ्यांना दिसणारा एकच क्रमांक घेतला आणि अदृश्य चिन्हे दाखवण्याचा पर्याय देऊन त्या ओळी पुन्हा पाहिल्या. एका यादीतील प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह होते. विंडोज ओळीचा शेवट दोन चिन्हांनी करते, युनिक्स एकाच चिन्हाने. एक यादी विंडोजवर तयार झाली होती, दुसरी सर्व्हरवरून आली होती. 'डॉस टू युनिक्स' या छोट्या साधनाने ते चिन्ह काढले आणि याद्या जुळल्या.

मला भीती वाटते ती पुढच्या शक्यतेची. सगळेच चुकले म्हणून चूक दिसली. शंभरातील दोनच चुकले असते तर? एक्सेलमध्ये संख्या म्हणून भरलेल्या आकड्याचे पहिले १५ अंकच टिकतात, पुढे शून्य येते. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. क्रमांकाच्या आरंभीचे शून्यही असेच गळते. अशा वेळी एखाद्या म्हातारीची रक्कम थांबते आणि तिला कारण सांगणारा कोणी भेटत नाही, कारण कारण कोणालाच ठाऊक नसते. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जे लिहिले तेच राहते, आणि काय लिहिले आहे ते तपासण्याची साधने आपल्या हाती असतात.

मराठी मजकुराबाबत आणखी दोन गोष्टी. ऑकला १२ ही संख्या देवनागरी अंकांत दिली तर ती संख्या आहे हे त्याला कळत नाही आणि बेरजेत तिची किंमत शून्य धरली जाते. म्हणून अंकांचे रूपांतर आधी करावे. तसेच युनिकोडच्या संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली तर ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये येते, आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर नाही. यादीत नाव सापडले नाही म्हणून ते नाहीच असे समजू नये.

विंडोजमध्येच २०१६ पासून लिनक्सची उपप्रणाली मिळू लागली आहे, मग सिग्विन कशाला, असाही प्रश्न येईल. जिथे नवी यंत्रे व परवानगी आहे तिथे ती जरूर वापरावी. तिथेही माउंटचे तत्त्व तेच आहे. साधन कोणते हा प्रश्न गौण. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त संगणक-प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, पण धोरणाने हाताला सवय लागत नाही.

महाराष्ट्रात सातबारा, उत्तर प्रदेशात खतौनी, पंजाब-हरियाणात जमाबंदी. परराज्यात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याला नावे नव्याने शिकावी लागतात, परंतु याद्या जुळवण्याची ही विद्या त्याच्याबरोबर सर्वत्र जाते. म्हणून माझी सूचना एवढीच : प्रत्येक कचेरीत रीतसर परवानगी घेऊन एका यंत्रावर ही साधने बसवावीत, दोन कर्मचाऱ्यांना ती शिकवावीत, आणि कोणत्या नावामागे कोणता फोल्डर आहे याची वही ठेवावी. दोन यासाठी की एकाची बदली झाली तरी दप्तर अनाथ होऊ नये. आणि कोणाचेही निवृत्तिवेतन थांबवण्यापूर्वी त्यांतील एकाने ती ओळ स्वतः उघडून पाहावी.