मातीचा स्वाद आणि कात्री धरणारे हात

शनिवारी पहाटे मुंबईहून मोटार काढायची, कसारा घाट चढून नाशिक गाठायचे, गंगापूर धरणाच्या आसपासचे वा दिंडोरी रस्त्यावरचे दोन-तीन द्राक्षमळे पाहायचे, उंच पेल्यांतून घोटघोट वाइन चाखायची आणि रविवारी रात्री घरी परतायचे, ही आता सुखवस्तू शहरी वर्गाची सर्वमान्य करमणूक झाली आहे. करमणुकीला तात्त्विक अधिष्ठान असावे, ही या वर्गाची जुनी हौस. त्यासाठी यावेळी एक फ्रेंच शब्द आयात झाला आहे : तेर्वार. ज्या मातीत, ज्या हवेत, ज्या उतारावर द्राक्ष वाढते, त्या भूमीचा स्वभाव पेल्यात उतरतो, असा त्याचा आशय. पाहुण्यांना हिंडवणारा तरुण सांगतो, ही बेसाल्टच्या खडकाची जमीन, हा निचऱ्याचा मुरूम, ही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरची उंची, या हिवाळ्यातल्या गार रात्री. सांगतो ते सारे खरेच असते. पाहुणे माना डोलावतात, मूठभर माती हातात घेऊन तिचा वासही घेतात.

या वर्णनात भूगर्भ आहे, हवामान आहे, गोदावरीचे खोरे आहे; माणूस मात्र नाही. हे वगळणे सहज घडलेले आहे असे मानायला आम्ही तयार नाही.

द्राक्षवेल ही मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. बर्गंडीत वा बोर्दोत हिवाळा आला की पाने गळतात, वेल झोपी जाते आणि वसंतात आपोआप जागी होते. नाशिकात तसे घडत नाही. इथली ऊब वेलीला झोपू देत नाही. तिला मोकळी सोडली तर ती वर्षभर वाढत राहील आणि फळाचा भरवसा उरणार नाही. म्हणून आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. युरोपात जे काम हिवाळा फुकट करतो, ते इथे कात्री धरलेले हात करतात. एकेका काडीवरचे डोळे मोजून छाटायचे, डोळा फुटावा म्हणून त्यावर रसायनाची पेस्ट लावायची, फुटलेले कोंब तारेवर बांधायचे, शेंडे मारायचे, नको असलेली फूट काढायची. नाशिकचा ऋतू हा मजुरांनी घडवलेला ऋतू आहे. तेव्हा या भूमीचा म्हणून जो काही स्वाद असेल, त्यात मुरुमाइतकाच किंवा थोडा अधिक वाटा या श्रमाचा आहे, हे तेर्वारच्या भक्तांनी त्यांच्याच तर्काने मान्य केले पाहिजे.

हे हात कोणाचे? पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातून येणाऱ्या आदिवासी स्त्रीपुरुषांचे. तिकडे पाऊस धो धो पडतो आणि नार-पारच्या वाटेने पश्चिमेला वाहून जातो. नागली, वरई, भात निघाले की शेत कोरडे, उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. घाटाखालची आणि घाटावरची ही माणसे टोळ्या करून दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात, बऱ्याचदा एकरी उक्ते काम घेतात आणि बागेच्या कडेला पत्र्याच्या वा ताडपत्रीच्या आडोशाला मुक्काम ठोकतात. उक्त्या कामात तास मोजले जात नाहीत. त्यामुळे किमान वेतन दिले की नाही, हा प्रश्न कागदावर उभाच राहत नाही. बाया नवऱ्यासोबत 'जोडी' म्हणून मोजल्या जातात, आणि पोरे शाळेऐवजी बांधावर दिसतात.

त्या पेस्टविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिच्यातले मुख्य द्रव्य हायड्रोजन सायनामाइड. ते कातडी भाजते, डोळ्यांना इजा करते; शेतावर काम करणाऱ्यांचे आरोग्य हे एक कारण लक्षात घेऊन युरोपीय संघाने २००८ मध्ये त्याला मान्यता नाकारली. आपल्याकडे ते सर्रास वापरले जाते आणि हातमोजे मिळणे हे मालकाच्या मर्जीवर असते. याच द्रव्याचा आणखी एक गुण वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे : ते अंगात गेलेल्या माणसाने मद्याचा घोट घेतला तर मद्य पचवणारी शरीरातली यंत्रणा अडते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या येतात. म्हणजे ज्याच्या हातांनी वेल जागी केली, त्याला तिच्या पेल्यातला घोट त्या दिवसांत विषासमान. सहलीच्या माहितीपत्रकात ही टीप छापायला हरकत नसावी.

तेर्वार या शब्दामागचा फ्रान्सचा इतिहासही आपल्याकडे येताना सीमेवरच उतरवून ठेवला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक प्रांतात साखर घालून बनवलेल्या भेसळीच्या वाइनने आणि अतिरिक्त उत्पादनाने भाव कोसळले. १९०४ साली तिथल्या मळ्यांतील मजुरांनी संप केले होते. १९०७ मध्ये लहान बागाईतदार आणि मजूर एकत्र उठले. त्या वर्षी ९ जूनला मोंपेलिए शहरात लाखोंचा मोर्चा निघाला. क्लेमांसोच्या सरकारने सैन्य पाठवले, नार्बोनमध्ये गोळीबारात माणसे मेली, आणि बेझिएची सतरावी पलटण, जिच्यात त्याच शेतकऱ्यांची पोरे होती, बंड करून उठली. त्यानंतर भेसळीविरुद्ध कायदा झाला. १९११ मध्ये शांपेन प्रांतात बाहेरची स्वस्त द्राक्षे आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तळघरांवर उत्पादक चालून गेले. अशा झगड्यांच्या पाठीवर १९३५ साली 'या गावची वाइन म्हणजे याच गावची' हे सांगणारी कायदेशीर व्यवस्था उभी राहिली. लांगदोकमधील मारोसां गावच्या लहान उत्पादकांनी १९०१ मध्येच सहकारी संस्था काढली होती आणि १९०५ मध्ये जाँ झोरेस यांनी तिथे जाऊन तिची पाठराखण केली होती. मातीच्या नावाला तिकडे जी किंमत आहे, ती रस्त्यावर उतरून मिळवलेली आहे.

आपल्याकडे काय झाले? २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क काढले. पुढे वीस टक्के विक्रीकरातील सोळा टक्के उद्योगाला परत देण्याची योजना आली. हे सारे द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याच्या नावाने. पण नाशिकच्या द्राक्षक्षेत्रात वाइनच्या द्राक्षाचा वाटा अगदी थोडा. बहुसंख्य शेतकरी थॉमसन, सोनाका अशी खाण्याची द्राक्षे पिकवतो आणि गारपीट, अवकाळी व निर्यातीचे भाव यांच्याशी एकटा झुंजतो. ज्यांनी कारखान्यांच्या करारावर विसंबून वाइनच्या जाती लावल्या, त्यांची गत २००८ नंतरच्या मंदीत दिसली. मागणी घसरताच कारखान्यांनी हात वर केले, उधारी थकली आणि अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. खाण्याचे द्राक्ष निदान बाजारात घेऊन बसता येते. वाइनच्या बारीक, बियांच्या द्राक्षाला कारखान्याखेरीज गिऱ्हाईक नाही. करारात जोखीम कोणाच्या गळ्यात होती, हे तेव्हा उघड झाले.

२७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीला मुभा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद ऐकू आला. विरोधाच्या गदारोळात तो निर्णय रखडला, पण युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पेठ-सुरगाण्याच्या जंगलात मोहाची झाडे आहेत. मोहाचे फूल हे तिथल्या मातीचे, तिथल्या हवेचे, कोणीही लागवड न केलेले पीक. त्याची सहलवाल्यांना सांगण्यासारखी तेर्वार कथा द्राक्षापेक्षा कितीतरी जुनी आहे, कारण द्राक्षाच्या काबर्ने आणि शिराझ या जाती तर परदेशातून आलेल्या. पण मोहाची भट्टी लावणाऱ्या आदिवासीला १९४९ चा दारूबंदी कायदा आरोपी ठरवतो आणि द्राक्षाची वाइन बनवणाऱ्याला तेच शासन अन्नप्रक्रिया उद्योजक म्हणून करपरतावा देते. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून आदिवासींच्या हाती देण्याचे धोरण तरी आखले. आपल्याकडे चव जातीवर आणि पैशावर ठरते.

आमच्यातील काही ज्येष्ठ साथींना हा सगळा विषयच अप्रस्तुत वाटेल. दारूबंदीच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्यांची ती भूमिका आम्ही समजू शकतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे त्यांनी पाहिली आहेत आणि गावात बाटली आडवी करणाऱ्या बायांचा लढा आमचाच आहे. पण वाइनचा धिक्कार करून बागेतल्या मजुराकडे पाठ फिरवणे म्हणजे त्याला मालकाच्या हवाली करणे होय. दुसरीकडे काही तरुण मित्र म्हणतात, उद्योगाने रोजगार दिला. दिला, हे खरे. मग त्या रोजगाराची नोंद हजेरीपत्रकावर का नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

'नाशिक व्हॅली वाइन' हे नाव आता भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदले गेले आहे. १९९९ च्या त्या कायद्यात सीमा आणि उत्पादनपद्धती यांचा विचार आहे, मजुरीचा नाही. नाव वापरण्याचा हक्क हवा असेल आणि करपरतावा हवा असेल, तर त्याला अटी जोडल्या जाव्यात, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे : छाटणी ते तोडणी प्रत्येक कामाचे किमान वेतनाशी जुळणारे दरपत्रक बागेच्या फाटकावर मराठीत, स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या हाती, पेस्ट लावणाऱ्याला हातमोजे व वैद्यकीय तपासणी, मुक्कामाला पक्के छप्पर आणि पाणी, आणि द्राक्ष घेणाऱ्या कारखान्याने हंगामाआधी लेखी भाव बांधून देणे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या शेतकरी मोर्चात सुरगाणा-पेठचे हजारो आदिवासी वनहक्काच्या जमिनीसाठी चालले, ते याच कसारा घाटातून, सहलीच्या मोटारी ज्या घाटातून वर येतात त्याच्या उलट दिशेने. त्यांपैकी अनेकांनी बागांतली कामे केलेली आहेत आणि मोर्चा कसा बांधायचा हे त्यांना आपण शिकवण्याची गरज नाही. दिंडोरी व निफाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी फळछाटणीपूर्वी टोळ्यांच्या मुक्कामांवर जाऊन दरांची यादी करावी आणि ती ऑक्टोबरच्या आत आमच्याकडे पाठवावी.