दलदलीचा सरू : पेरलेला कीं उपटलेला?

बोन्साय ही श्रीमंतांची हौस. तिचा शेतकऱ्यांच्या मासिकाशीं काय संबंध, असें कित्येक वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु जेथें हौस तेथें गिऱ्हाईक, आणि जेथें गिऱ्हाईक तेथें माल कोठून आणावयाचा हा प्रश्न उभा राहतोच. तो माल वाफ्यांत पेरून तयार करावयाचा कीं रानांतून उपटून आणावयाचा, हा प्रश्न शेतीचाच होय. अमेरिकेच्या आग्नेय भागांतील दलदलींत होणाऱ्या सरूच्या बाबतींत तो आज फार स्पष्टपणें दिसतो, म्हणून त्यासंबंधीं चार शब्द लिहितों.

या झाडाचें शास्त्रीय नांव टॅक्सोडियम डिस्टिकम. तें सरूच्या कुळांतील आहे. परंतु त्या कुळांतील बहुतेक झाडें बारमाही हिरवीं असतां याचीं पिसांसारखीं नाजूक पानें हिवाळ्याच्या तोंडीं तांबूस होऊन गळून पडतात. म्हणूनच तिकडील लोक यास 'बोडका सरू' म्हणतात. लुइझियाना, मिसिसिपी, फ्लोरिडा वगैरे संस्थानांतील नदीकांठच्या पाणथळ जागीं तो वाढतो. लुइझियानानें तर 1963 सालीं त्यास आपला राज्यवृक्ष ठरविलें. पाण्याच्या पातळीजवळ याचा बुंधा घागरा पसरावा तसा रुंद होतो, आणि भोंवतीं मुळांचे खुंट गुडघ्यांसारखे चिखलांतून वर येतात. हे गुडघे मुळांच्या श्वासासाठीं असावेत असा जुना समज आहे. पण प्रयोगांनीं तो निर्विवाद सिद्ध झालेला नाहीं. आयुष्य म्हणाल तर, नॉर्थ कॅरोलिनांतील ब्लॅक नदीच्या कांठीं या जातीचें एक जिवंत झाड किमान 2,624 वर्षांचें आहे, असें वार्षिक वलयें मोजून केलेलें संशोधन 2019 सालीं प्रसिद्ध झालें.

अशा झाडाची किंमत सरकारी दप्तरांत काय होती, हें पाहण्यासारखें आहे. महसूल खात्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस ठाऊक असतें कीं, जमिनीपुढें जो शब्द लिहिला जातो तो तिचें पुढील भवितव्य ठरवितो. आपल्याकडे सर्व्हे नंबरांतील लागवडीस निरुपयोगी तुकड्यापुढें 'पोटखराब' असें लिहितात, आणि मग त्यावर काय उगवतें हें कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतहि तेंच झालें. मध्यवर्ती सरकारनें 1849 सालीं लुइझियानास, व 1850 च्या कायद्यानें इतर संस्थानांस, 'दलदलीच्या व पाण्याखालीं जाणाऱ्या' जमिनी देऊन टाकल्या. त्या विकून येणाऱ्या पैशांतून बांध घालावे व पाण्याचा निचरा करावा, हा हेतु. जमीन निरुपयोगी ठरली, तेव्हां तिजवरील हजार-हजार वर्षांचीं झाडेंहि कवडीमोलानें गेलीं. पुढें 1890 च्या सुमारास वाफेच्या यंत्रांनीं दोरखंड ओढून ओंडके दलदलीबाहेर काढण्याची युक्ति प्रचारांत आली. याचें लांकूड सहसा कुजत नसल्यामुळें मागणी अपार होती. चाळीस वर्षांच्या आंत जुनें रान जवळजवळ संपलें व बहुतेक गिरण्या बंद पडल्या. आज तेथें जें सरूचें रान दिसतें तें बहुतांशीं त्यानंतर वाढलेलें आहे.

रान एकदां पुन्हां वाढलें, तसें यापुढेंहि वाढेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती मात्र बरोबर नाहीं. सरू पाण्यांत उभा राहतो, तरी त्याचें बीं पाण्याखालीं रुजत नाहीं. बीं तरंगत जातें, पाणी ओसरून ओला चिखल उघडा पडला म्हणजे त्यांत रुजतें, आणि पुढच्या पुरापूर्वीं रोपाचा शेंडा पाण्यावर राहील इतका वाढावा लागतो. पाणी चढणें व ओसरणें या दोन्ही गोष्टी त्यास लागतात. 1927 च्या महापुरानंतर मिसिसिपी नदीचे बांध फार पक्के झाले. त्यामुळें नदीचा गाळ दलदलींत पसरेनासा झाला, जमीन खचूं लागली, आणि पुष्कळ ठिकाणीं पाणी ओसरतच नाहीं. त्यांत समुद्राचें खारें पाणी आंत शिरतें. न्यू ऑर्लिन्सपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत जहाजांसाठीं 1960 च्या दशकांत जो मोठा कालवा खोदला गेला, त्यांतून आलेल्या खाऱ्या पाण्यानें सरूचीं रानेंच्या रानें वाळलीं. तो कालवा शेवटीं 2009 सालीं दगडी बांध घालून बंद करावा लागला. शिवाय कातड्यासाठीं दक्षिण अमेरिकेंतून आणलेला न्यूट्रिया नांवाचा मोठ्या घुशीसारखा प्राणी रानांत फोफावला असून तो कोवळीं रोपें कुरतडून टाकतो. सारांश, कित्येक ठिकाणीं आज जें झाड उभें आहे त्याच्या मागें दुसरें येण्याची खात्री नाहीं.

आतां बोन्सायवाले काय करतात तें पाहूं. पानगळ झाल्यावर हौशी मनुष्य कंबरभर पाण्यांत उतरतो, पसरलेल्या बुंध्याखालीं मुळें करवतीनें सपाट कापतो, खोड दोन-तीन फुटांवर छाटतो, आणि उरलेला ओंडका घरीं आणून कुंडींत लावतो. या जातीची जीवनशक्ति इतकी कीं, शेंडा, फांद्या व बहुतेक मुळें जाऊनहि वसंत ऋतूंत सालीवर जागोजाग कोंभ फुटतात. पन्नास वर्षांचा बुंधा एका दिवसांत हातीं येतो. मग दहा वर्षें रोप सांभाळण्याचा खटाटोप कोण करतो?

या मंडळींच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे, तें न सांगणें अन्यायाचें होईल. ते म्हणतात, गिरण्यांनीं व खाऱ्या पाण्यानें जो संहार केला त्यापुढें आमचीं चार झाडें म्हणजे समुद्रांतील थेंब. हें खरें आहे. ते म्हणतात, विजेच्या तारांखालचीं व चरांच्या कडेचीं झाडें दर वर्षीं छाटलींच जातात. तीं आम्ही उचललीं तर वांचतात. हेंहि खरें आहे, आणि अशीं झाडें मालकाच्या परवानगीनें काढण्यास आमची हरकत नाहीं. जीं नाहीं तरी मरावयाचीं, त्यांस कुंडींत आयुष्य मिळालें तर तें पुण्यच. परंतु खोल दलदलींतील झाड त्या सदरांत बसत नाहीं. नुकसान थोडें आहे हा युक्तिवाद जेथें भरपाई होत असेल तेथेंच चालतो. ज्या खात्यांत जमेची बाजू कोरी आहे, तेथें खर्चाची लहान रक्कमहि मोठीच समजली पाहिजे.

आणि खरी गोष्ट ही कीं, या झाडाच्या बाबतींत उपटण्याची गरजच नाहीं. सरू बियांपासून चांगला व भराभर वाढतो. गोल फळें हेमंतांत पिकतात. त्यांतील बीं ओल्या वाळूंत सुमारें 90 दिवस थंडाव्यांत ठेवून वसंतांत पेरावें. वाफा सतत ओला ठेवावा, पण बुडवूं नये. चांगल्या जमिनींत पहिल्याच वर्षीं रोप हात-दीड हात होतें. पुढें तें उघड्या जमिनींत लावून मोकळेपणीं उंच वाढूं द्यावें. उंचीबरोबर खोड जाड होतें. मग खोड खालून कापावें, नव्या कोंभास शेंडा करावा, आणि तो जाड झाला म्हणजे पुन्हां कापावा. असें दोन-तीनदां केलें कीं खोड खालीं रुंद व वर निमुळतें होत जातें. बुंध्याशीं उथळ पाणी राहील अशी सोय केली तर बुंधा अधिक पसरतो. मुळें दर एक-दोन वर्षांनीं हिवाळ्याच्या अखेरीस छाटून चोहोंबाजूंस पसरावीं. फांद्यांस तार गुंडाळल्यास वारंवार पाहावें, कारण वाढ जलद असल्यामुळें तार सालींत रुतते. उन्हाळ्यांत कुंडी पाण्याच्या परातींत ठेवली तरी या झाडास अपाय होत नाहीं. घाईच्या माळ्यास याहून सोयीचें झाड मिळणें कठीण.

सौंदर्याचा प्रश्न राहिला. कोंवळा सरू शंकूसारखा असतो, आणि म्हातारा झाला म्हणजे त्याचा माथा सपाट, छत्रीसारखा होतो. न्यू ऑर्लिन्सचे व्हॉन बँटिंग यांनीं हें रूप पाहून कुंडींतील सरूसाठीं 'सपाट माथ्याची' पद्धत रूढ केली. जपानी देवदाराचा सांचा आपल्या झाडावर न लादतां आपल्या दलदलीकडे पाहून त्यांनीं नवें वळण बसविलें, ही गोष्ट अनुकरणीय आहे. हें वळण छाटणीनें व तारेनें येतें. तें पेरलेल्या झाडासहि देतां येतें.

आपल्या वाचकांनीं यांतून घ्यावयाचें तें असें. आपल्याकडेहि ज्या जागेस दप्तरांत मोल नाहीं, तेथील झाडास धनी नाहीं अशी समजूत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हेवाळे-बांबर्डे येथें रानजायफळाची गोड्या पाण्याची दलदल आहे. तिचींहि मुळें चिखलांतून वर डोकावतात. ती टिकली याचें कारण गांवानें ती देवाची मानली हें होय. परंतु प्रत्येक ओढ्याकांठीं देवराई नसते, आणि आपल्या शहरांतूनहि बोन्सायची हौस आहेच.

म्हणून रोपवाटिका चालविणाऱ्या बंधूंस आमची सूचना आहे कीं, जशी पिकाची नोंद पीकपाहणींत होते, तशी प्रत्येक कुंडीवर झाड कोठें व कोणत्या सालीं पेरलें याची नोंद असावी. रानांतून वांचवून आणलेलें असल्यास कोठून व कोणाच्या परवानगीनें तेंहि लिहावें. आणि घेणाऱ्यानें भाव विचारण्यापूर्वीं ती नोंद मागावी. गिऱ्हाइकानें ही एक संवय लावून घेतली, तर उपटून आणणाऱ्यास बाजार राहणार नाहीं, आणि पेरणाऱ्याच्या दहा वर्षांच्या श्रमांस योग्य दाम मिळेल.