भाच्याची चाके

यंदा श्रावण संपता संपता राहुरीहून ताईचा फोन आला. "दोन दिवस इकडे येऊन जा," ती म्हणाली. मी घाबरून विचारले, "का गं, बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तुझा भाचा गाडीला नवी चाकं बसवतोय. नव्वद हजारांची! इकडे गच्ची गळतेय आणि साहेब चाकं बसवताहेत."

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, की माझी उमेदीची वर्षे मोटारींच्या कारखान्यात गेली आणि त्यांतली बरीचशी चाकांच्या खात्यात. तेव्हा चाके हा माझा विषय. गच्ची हा मेहुण्यांचा. पण मेहुणे मितभाषी आहेत. म्हणून मीच गेलो.

भाचा तिशीचा. नगरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. (2024 पासून अहिल्यानगर म्हणायचे, पण माझ्या तोंडी अजून नगरच येते.) रोज जाऊन-येऊन सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात. घरात मोटार एकच. चार दारांची, मागे डिकीवाली, जिला सगळे सेडान म्हणतात. तिच्यातूनच ताई शनिशिंगणापूरला जाते, तिच्यातूनच लग्नाचा आहेर जातो. आणि हीच मोटार घेऊन भाच्याला कोईमतूरच्या ट्रॅकवर जायचे होते. शर्यतीत भाग घ्यायचा नव्हता. पैसे भरले की एक दिवस आपली मोटार त्या बंदिस्त रस्त्यावर हवी तशी पळवू देतात, तेवढेच. समोरून ट्रॅक्टर येत नाही, मध्येच म्हैस बसत नाही. ज्याला वेगाची हौस आहे त्याने ती तिथेच भागवावी, या मताचा मी आहे. ताईला मात्र हे मत मी पहिल्या दिवशी सांगितले नाही.

"पण इतक्या लांब कशाला? नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, तिथे ट्रॅक आहे," मी म्हटले.

"मामा, तिथे कंपन्यांच्या आणि लष्कराच्या गाड्यांच्या चाचण्या होतात. मला कोण आत सोडणार?"

ते खरेच होते. आपल्या देशात असल्या जागा मोजक्याच. पूर्वी मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या पडीक धावपट्टीवर शर्यती होत. मग 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ खास ट्रॅक झाला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला 2011 मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तो मोठा ट्रॅक. आणि कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे, एस. करिवर्धन यांच्या नावाचा, साधारण दोन किलोमीटरचा, वळणावळणांचा. भाच्याच्या मनात तोच भरला होता.

मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. राहुरी ते कोईमतूर तेराशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन सव्वीसशे. ट्रॅकवर दिवसभरात फार तर शंभर. "आता सांग," मी म्हटले, "चाके कोणासाठी घ्यायची? शंभर किलोमीटरसाठी की सव्वीसशेसाठी?"

तो म्हणाला, "दोन्हीसाठी." हे उत्तर मला आवडले, कारण पुढचे सगळे त्याच्यातच होते.

त्याने निवडलेली चाके सतरा इंची होती. काळीभोर, बारीक आऱ्यांची. मित्राकडून बघायला म्हणून एक चाक टायरसकट आणून त्याने पडवीत ठेवले होते आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे कौतुकाने पाहत होता. त्याच्या मोटारीची मूळची चाके पंधरा इंची, पोलादाची, वर प्लॅस्टिकची टोपी. त्यांच्याकडे कोण बघतो! "मामा, ही अलॉय आहेत, हलकी असतात," तो म्हणाला.

"वजन केलंस?"

नव्हते केले. मोटारीचे चाक घेणाऱ्या शंभरांतला एकही जण ते करीत नाही. राहुरी तालुक्यात वांबोरीचा कांदा प्रसिद्ध, त्यामुळे वजनकाट्याची वाण नाही. शेजारच्या खळ्यावर कांद्याच्या गोण्या तोलायचा काटा होता. त्यावर आधी जुने चाक ठेवले, टायरसकट: 16 किलो 600 ग्रॅम. मग ते देखणे सतरा इंची ठेवले: 19 किलो 400 ग्रॅम. भाच्याने काटा शून्यावर आणून पुन्हा पाहिले. तेवढेच भरले.

त्यात नवल काहीच नाही. अॅल्युमिनियम हलके हे खरे, पण चाक मोठे केले की धातू जास्त लागतो, आणि साच्यात नुसते ओतलेले स्वस्त चाक मजबूत करायला जाड ठेवावे लागते. ओतल्यावर कडा दाबून फिरवून घडवतात त्या चाकात कमी धातूत तेवढीच ताकद येते. आणि ठोकून घडवलेले फोर्ज्ड चाक सर्वांत हलके नि सर्वांत महाग. 'अलॉय' या एका शब्दात हे तिघेही बसतात आणि दुकानदार तो एकच शब्द उच्चारतो.

खळ्यावर शेजारचे आबा बैलांच्या शिंगांना रंग कोणता लावायचा या विचारात बसले होते. पोळा आठवड्यावर आला होता. आबांचा शर्यतीचा नाद जुना. 2014 च्या बंदीनंतर त्यांचा लाकडी चाकांचा छकडा पडवीत धूळ खात पडला होता. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, 2023 च्या मेमध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला, आणि छकडा पुन्हा बाहेर आला. आमचा तोलण्याचा खेळ पाहून ते उठून आले. त्यांनी सतरा इंची चाकाची कड दोन्ही हातांनी चाचपली.

"पाव्हणं, वजन समदं कडंला हाय की हो," ते म्हणाले. "तुंब्याचं वजन बैलाला कळत न्हाई. धावंचं कळतं."

मी कारखान्यात तीस वर्षे जे नव्या पोरांना फळ्यावर सूत्रे लिहून शिकवले, ते आबांनी दोन वाक्यांत सांगितले. चाक नुसते पुढे जात नाही, ते फिरतेही. फिरवायला जोर लागतो आणि थांबवायलाही लागतो. मध्यावरचे वजन फिरवायला सोपे, कडेचे अवघड. कडेला असलेला एक किलो वेग घेताना दीड किलोसारखा वागतो, अगदी टायरच्या नक्षीपाशी असला तर जवळजवळ दोन किलोसारखा. शिवाय चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. डिकीतली पिशवी स्प्रिंगवर झुलते. चाक मात्र खड्ड्यात आपटते, उसळते, आणि जड चाक उसळले की पुन्हा रस्त्याला टेकायला वेळ लावते. तेवढा वेळ मोटार तुमच्या हातात नसते. म्हणून डिकीतले दहा किलो कमी करणे वेगळे आणि चाकांतले दहा किलो कमी करणे वेगळे.

रबरी हवेचे टायर प्रथम चांगले चालवून दाखवले तेही एका जनावरांच्या डॉक्टरने, हे मी आबांना सांगितले. बेलफास्टचे डनलॉप. 1888 मध्ये त्यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. आबांना उसाच्या टायरगाडीवरचे हे नाव तोंडपाठ होते. तो गुरांचा डॉक्टर होता हे ऐकून मात्र त्यांना फार समाधान वाटले.

आता माप. टायरच्या बाजूवर लिहिलेले असते, पण ते वाचणारा विरळा. भाच्याच्या टायरवर होते 185/65 R15 88H. 185 मिलिमीटर रुंदी. तिच्या 65 टक्के, म्हणजे 120 मिलिमीटर, रबराच्या भिंतीची उंची. R म्हणजे रेडियल. 15 इंच चाकाचा व्यास. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलोपर्यंत भार. H म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत चालेल. सतरा इंचीवर होते 205/45 R17 84. एकूण उंची जवळजवळ सारखीच, 621 मिलिमीटरच्या जागी 616, त्यामुळे वेगाचा काटा फारसा चुकत नाही. पण भिंत उरली 92 मिलिमीटर. आणि 84 म्हणजे 500 किलो. कंपनीने ठरवलेल्या भारापेक्षा कमी आकड्याचा टायर घालू नये, मग तो कितीही देखणा असो.

ही भिंत आखूड असली की वळणावर ती कमी वाकते, सुकाणू लगेच ऐकते. गुळगुळीत ट्रॅकवर हे सुख मोठे आहे, नाही म्हणणार नाही. पण रस्त्यावर खड्ड्याची धार आणि चाकाची कड यांच्यामध्ये उभी असते ती हीच भिंत. "तुझा मित्र चाके का विकतोय?" मी सहज विचारले. भाचा जरा घुटमळला. मग कळले, की पावसाळ्यात रात्री बायको-मुलाला घेऊन येताना नगर-मनमाड रस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा त्याला दिसला नव्हता. पुढच्या चाकाची आतली कड तडकली, हवा गेली, मोटार कडेला उसाच्या टायरगाडीच्या मागे कशीबशी थांबली. तडकलेले चाक जोड देऊन रंगवले होते. चार चाकांतले ते नेमके कोणते, हे भाच्याने विचारलेच नव्हते.

ताई दारात उभी राहून हे ऐकत होती. ती काही बोलली नाही. आत गेली आणि चहा टाकला. त्यानंतर सतरा इंचीचे नाव घरात कोणी काढले नाही.

भाच्याचा एकच प्रश्न उरला होता. "मामा, 195/60 घेऊ का पंधरा इंचीवर? थोडं रुंद?" माप वाईट नाही, उंची एक टक्क्याने कमी होते एवढेच. पण नोंदणीच्या वेळच्या मापापासून दूर गेले की कायदा आणि विमा दोन्ही आडवे येऊ शकतात. कंपनी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला जे माप देते, तेवढ्यापर्यंत जावे. आणि पकड रुंदीपेक्षा रबराच्या जातीवर जास्त असते. माप तेच ठेवावे, रबर चांगले घ्यावे. लवकर झिजेल, पण धरील.

शेवटी ठरले ते असे. पंधरा इंचीच, दाबून घडवलेले, 5 किलो 800 ग्रॅमचे चाक. टायर धरून 14 किलो. म्हणजे जुन्यापेक्षा चार चाकांत साडेदहा किलो कमी, आणि त्या काळ्याभोर चाकांपेक्षा साडेएकवीस! बोल्टांचे वर्तुळ, मधले भोक, आणि चाक आत-बाहेर किती बसते तो ऑफसेट, हे तिन्ही मूळच्याशी जुळवून घेतले. मधले भोक मोठे असेल तर रिंग बसवून ते नीट भरावे लागते, नाहीतर सगळा भार बोल्टांवर येतो आणि सुकाणू थरथरते. चाकावर आयएसआयची खूण पाहिली. खोटी खूण असते, म्हणून बिलही घेतले.

उरलेल्या पैशांतून मी त्याला ब्रेकची नवी पॅडे आणि ब्रेक ऑईल घ्यायला लावले. खरे म्हणजे हे आधी सांगायला हवे होते. ट्रॅकवर मोटार पळत नाही म्हणून कोणाची फजिती होत नाही, थांबत नाही म्हणून होते. ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषते. डॉट 4 जातीचे ताजे तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर तीच मर्यादा 155 पर्यंत खाली येते. उकळले की बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल उशीसारखे मऊ लागते. दोन वर्षांचे जुने तेल राहुरीच्या बाजारात जन्मभर कुरकुर करणार नाही, ट्रॅकवर पाचव्या फेरीला करील. आणि हवेचे: गार टायरमध्ये तीस पाऊंड भरले तर तापल्यावर पाच-सहा पाऊंड सहज वाढतात, म्हणून फेरी मारून आल्याबरोबर मोजावी आणि वाढलेली काढावी. घरी निघताना ती पुन्हा भरायची, हे विसरू नये.

एवढे सगळे होऊन नव्वदांतले बत्तीस हजार उरले. मेहुण्यांनी प्रथमच तोंड उघडले आणि गच्चीच्या कारागिराचा नंबर दिला.

सप्टेंबरअखेर भाचा कोईमतूरला जाऊन आला. तिथूनच त्याचा फोन आला होता. मागे कोणाच्या तरी इंजिनाचा आवाज घोंघावत होता. "मामा, ब्रेक झकास! पेडल शेवटपर्यंत कडक. पण पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने झिजलेत."

"वळणावर मोटार कलते आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो, म्हणून," मी म्हटले. "चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकवला तर..."

"कॅम्बर! तेच विचारणार होतो. त्याला किती खर्च येईल?"

मी उत्तर देणार तोच, मी फोनवर कोणाशी बोलतोय हे ओळखून, दिवाळीच्या याद्या करायला आमच्याकडे आलेल्या ताईने माझ्या हातातला फोन काढून घेतला.