चिलखतकारांचे कीटक

वाचकहो, दोडक्याच्या वेलावर बसलेला भुंगा आपण पुष्कळदा बोटाने उडवून देतो. त्याच्या पाठीचे टणक कवच आणि पायांचे बारीक सांधे न्याहाळावयास सवड कोणास? जपानातील काही कारागिरांनी मात्र ती सवड काढली. आणि ते होते योद्ध्यांची चिलखते घडविणारे!

म्योचिन हे त्यांतले नामांकित घराणे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून जपानात सुमारे दोनशे वर्षे मोठे युद्ध झाले नाही. प्रजेला सुख लाभले, पण चिलखतकाराच्या हाताचे काम कमी झाले. मग याच घराण्यातील मुनेआकी याने १७१३ साली लोखंडाचा एक अजगरासारखा लांब, काल्पनिक राक्षसी प्राणी घडविला. त्याचे अंग जिवंत सापासारखे वळते. तो आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे साप, मासे, खेकडे आणि बागेतले कीटकही अशाच रीतीने घडू लागले.

त्यांना कीटक साधले याचे नवल वाटू नये. कीटकाच्या अंगात हाडे नसतात. बाहेरचे कवच हाच त्याचा सांगाडा. चिलखतही असेच, कठीण पत्र्यांचे, परंतु आतल्या माणसास वाकता यावे म्हणून सांध्यासांध्यांवर मोकळे सोडलेले. माणसाच्या कोपरासाठी जी युक्ती शतकानुशतके वापरली, तीच त्यांनी नाकतोड्याच्या गुडघ्यास लावली. फक्त खिळा आता केसाएवढा!

१८६८ साली राज्यव्यवस्था पालटली आणि १८७६ मध्ये सामान्यतः तलवार बाळगण्यासच बंदी झाली. शस्त्रांवर पोट असणाऱ्या कितीतरी घरांची चूल धोक्यात आली. त्यानंतरच्या काळात क्योटो येथे तकासे कोझान (१८६९-१९३४) याच्या कारखान्यात तांबे, रुपे इत्यादी धातूंचे चतुर, भुंगे, गांधीलमाश्या तयार होत. पंख उघडतात, पाय दुमडतात, मिशा हलतात. काळसर झाक हवी तेथे तांब्यात थोडे सोने मिसळीत. सोने घालावयाचे ते काळेपणासाठी, हे आपल्या गावच्या सोनारास पटणे कठीण! परदेशी ग्राहकांनी या वस्तू आवडीने नेल्या.

ही विद्या लोपली नाही. १९८० साली जन्मलेले मित्सुता हारुओ आजच्या काळातही खऱ्या कीटकाचा सांधा न् सांधा तपासून, त्याच आकाराचा, तसाच हलणारा धातूचा कीटक घडवितात.