निवासी वैद्याचा निवास

वैद्यकाची पहिली पदवी हाती आली म्हणजे घरच्या मंडळींस वाटते की, आता शिक्षण संपले. वस्तुतः खरे शिक्षण त्यापुढील तीन वर्षांत होते. एम्. डी. अथवा एम्. एस्. या पदवीसाठी जो तरुण वा जी तरुणी मोठ्या रुग्णालयात रुजू होते, त्यांस 'निवासी डॉक्टर' म्हणतात. हे नाव उगाच पडलेले नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले. तेथे ऑस्लर व हॉल्स्टेड या दोन आचार्यांनी ही शिक्षणपद्धती रूढ केली, आणि तेथील तरुण डॉक्टर खरोखरच रुग्णालयात राहत असत. आपल्याकडे याच अर्थाचा फार जुना शब्द आहे, तो म्हणजे 'अन्तेवासी'. गुरूच्या सन्निध राहतो तो अन्तेवासी. विद्येचे स्थान व विसाव्याचे स्थान यांत फार अंतर असू नये, हाच दोन्ही शब्दांचा मथितार्थ होय.

विट्याकडून कऱ्हाडास जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या कडेगावासारख्या गावांतूनही हल्ली मुले-मुली या शिक्षणासाठी बाहेर पडतात. कोणी कऱ्हाडास जातो, कोणी मिरजेस, कोणी पुण्यास ससूनमध्ये, तर कोणी मुंबईस परळला. प्रवेशाची यादी लागली की पेढे वाटले जातात, आणि त्याच रात्री जेवणाच्या पंक्तीत पुढचा प्रश्न निघतो: राहावयाचे कोठे? एकत्र कुटुंबात याचे उत्तर बहुधा तयारच असते. त्या शहरी आपले माणूस असता मुलीने परक्या ठिकाणी का राहावे? या उत्तरामागील माया आम्ही पूर्णपणे जाणतो. तथापि या तीन वर्षांपुरते ते उत्तर पुष्कळदा अहिताचे, आणि प्रसंगी धोक्याचेही ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. त्यांच्या कन्येस मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात प्रवेश मिळाला. तिची सख्खी आत्या डोंबिवलीस राहते. घरातील वडीलधाऱ्यांनी तिला आत्याकडेच ठेवावयाचे ठरविले. आत्यानेही अत्यंत आनंदाने एक खोली मोकळी करून दिली. जाण्यायेण्यास रोज तीन तास लागत. पहिला महिना उत्साहात गेला. दुसऱ्या महिन्यात, सबंध रात्र जागून परतताना मुलीस गाडीतच झोप लागली आणि डोंबिवलीस उतरावयाची ती थेट बदलापुरास जागी झाली. असे तीनदा झाले. दिवाळीस घरी आली तेव्हा तिचा चेहरा पाहून आजीबाईंनी विचारले, "अगं, आत्याकडे तुला पोटभर जेवायला मिळत नाही का?" मुलगी म्हणाली, "मिळतं की, आजी. पण जेवेपर्यंत जागी राहवत नाही." त्या उत्तराने घरातील वाद मिटला. महिन्याभरात ती वसतिगृहात राहावयास गेली. खोली तिघींत एक, भिंतीस ओल, गाद्या जुन्या. परंतु वॉर्डापासून चालत पाच मिनिटे. पुढे आम्ही तिला पाहिले तेव्हा ती पूर्ववत् हसतमुख दिसली.

तीन तासांचा हिशेब वाचकांनी कागदावर मांडून पाहावा. वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तर वर्षास नऊशे तास, आणि तीन वर्षांत सत्तावीसशे तास होतात. म्हणजे जवळजवळ एकशे बारा अहोरात्र प्रवासात गेले. आता हे तास येतात कोठून? रुग्णांचा वेळ कमी होत नाही, अभ्यासाचाही फारसा होत नाही. ते सर्व झोपेतून वजा होतात.

आणि येथे झोप ही चैनीची वस्तू नाही. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावे असे म्हटलेले आहे. प्रत्यक्षात चोवीस व छत्तीस तासांच्या पाळ्या आजही अनेकांच्या वाट्यास येतात. अशा पाळ्यांचा परिणाम अमेरिकेत बारकाईने तपासला गेला आहे. तेथील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रसिद्ध नियतकालिकात २००४ साली आलेल्या एका अभ्यासात, लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका, कमी तासांच्या पाळ्या करणाऱ्यांच्या मानाने, ३६ टक्के अधिक झाल्याचे आढळले. त्याच नियतकालिकात २००५ साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. चोवीस तास वा त्याहून लांब पाळी करून घरी परतताना मोटार चालविणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांस अपघात होण्याचा संभव इतर वेळेच्या दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे प्रश्न मुलाच्या सुखाचाच केवळ नाही. त्याच्या जिवाचा आहे, आणि त्याच्या हाती ज्यांची नाडी आहे त्या रुग्णांच्या जिवाचाही आहे. कडेगावाहून कऱ्हाड तसे जवळ, तेव्हा मुलगा घरूनच मोटारसायकलवर ये-जा करील, असे म्हणणाऱ्या पालकांनी हा दुसरा अभ्यास विशेषेकरून ध्यानात ठेवावा.

यास्तव पहिली पसंती वसतिगृहासच द्यावी. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार अशा विद्यार्थ्यांस योग्य निवास देण्याचे बंधन महाविद्यालयावर आहे. तेथेच राहिले पाहिजे असे बंधन मात्र विद्यार्थ्यावर नाही. कागदावरील बंधन व प्रत्यक्षातील खोली यांत अंतर पडते हेही खरे. महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांनी अलीकडच्या वर्षांत जे संप केले, त्यांच्या मागण्यांत वसतिगृहांची मागणी होतीच. म्हणून प्रवेशाच्या वेळी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस स्पष्ट विचारावे: खोली पहिल्या दिवशी मिळते की सहा महिन्यांनी? एका खोलीत किती जण? पाणी रात्री दोन वाजता असते काय?

आणखी एक गोष्ट मुलींच्या पालकांनी आवर्जून विचारावी. रात्रपाळीत घटकाभर पडावयास आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली वॉर्डाजवळ आहे काय? ९ ऑगस्ट २०२४ रोजी कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या निवासी डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. ती सभाकक्षात विश्रांतीस गेली होती. रुग्णालयाच्या जवळ असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे त्या दुर्दैवी घटनेने सर्वांस दाखविले. विश्रांतीची खोली, तेथवरचा उजेड व पहारा यांची चौकशी करणे हा पालकांचा हक्कच आहे. त्यात संकोच मुळीच बाळगू नये.

वसतिगृह न मिळाल्यास बाहेर खोली पाहावी लागते. ती दिवसा पाहून पसंत करू नये. ज्या वाटेने मुलगी रात्री दोन वाजता जाणार, ती वाट रात्रीच चालून पाहावी. मुंबईत मध्यरात्रीनंतर काही तास लोकल गाड्या बंद असतात. तेव्हा स्थानकापासून खोली किती जवळ, यापेक्षा रुग्णालयापासून पायी किती जवळ, हेच माप खरे. पावसाळ्याचाही विचार करावा. परळ-दादरकडे हिंदमाता परिसरात पाणी साचते हे मुंबईकरांस सांगणे नलगे. आपल्या मुलखात २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या वस्तीत शिरले होते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी मिरज व सांगली अशा दोन्ही गावांतील रुग्णालये जोडलेली आहेत. तेव्हा आपला विभाग मुख्यत्वे कोठे चालतो हे विचारल्यावाचून खोलीचा विसार देऊ नये.

खोलीच्या आतील गोष्टीही वेगळ्या दृष्टीने पाहाव्या लागतात, कारण या भाडेकरूची रात्र पुष्कळदा दिवसा उगवते. रस्त्यावरची खोली हवेशीर खरी, पण भर दुपारी तेथे झोप लागेल काय? लालबागेजवळ गणेशोत्सवाचे दिवस कसे जातात हे आठवावे. पत्र्याखालची खोली स्वस्त मिळते, पण वैशाखात दुपारी तेथे पडवत नाही. जुन्या इमारतींत पाणी ठरावीक वेळीच येते. त्या वेळी मुलगी वॉर्डात असली तर पाणी कोण भरणार? रात्री दहानंतर दार न उघडणारा मालक इतर भाडेकरूंस शिस्तीचा वाटेल, या भाडेकरूस तो निरुपयोगी. ऊन व वारा खेळेल अशी खिडकी मात्र हवीच. क्षयरोग्यांच्या सहवासात ज्यांचे दिवस जातात त्यांनी कोंदट खोलीत राहणे इष्ट नव्हे. सोबतीण निवडताना दोघींच्या रात्रपाळ्यांविषयी आधी मोकळेपणी बोलावे, म्हणजे एकीचा दिवा दुसरीच्या झोपेवर येत नाही.

करार लेखी व नोंदलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, यातील ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा वा अनुज्ञप्तीचा करार लेखी करून नोंदविणे आवश्यक आहे, व नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय या शिक्षणात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. त्या तीन महिन्यांचे भाडे व सामान यांचे काय, हे करारापूर्वीच ठरवून घ्यावे.

कोणी म्हणेल, हा सारा विचार कोरडा आहे; परक्या गावी मायेचे माणूस नको काय? अवश्य हवे. परंतु माया व मुक्काम या दोन निराळ्या वस्तू आहेत. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल या गावी श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. रक्ताचे, धर्माचे वा देशाचे नाते नसताही आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. तरीही शिक्षण सुरू होण्याची वेळ आली तेव्हा याच मावशी त्यांस घेऊन फिलाडेल्फियास गेल्या. आनंदीबाई राहिल्या त्या कॉलेजच्या गावी. आपल्या घरी ठेवून घेण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, माया त्या सोडून येण्यात होती. १८८६ च्या मार्चात आनंदीबाईंस पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक हाती असता, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. शिकणाऱ्याच्या प्रकृतीस किती जपावे लागते, हे त्या घरच्यांस कळले ते फार मोठी किंमत देऊन. आपणांस ते फुकट कळत आहे.

मग शहरातील आत्याने, काकांनी, मावशीने काय करावे? पुष्कळ करता येते. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी आपले दार उघडे ठेवावे. मुलगी येऊन जेवून दिवसभर झोपली तर तिला उठवून गप्पांस बसवू नये. काही दिवस टिकणारा खाऊ पाठवीत जावा, कारण खानावळीची वेळ व हिच्या भुकेची वेळ यांची गाठ क्वचितच पडते. अनामत रकमेचा भार चुलत्यांनी वाटून घ्यावा. एकत्र कुटुंब ज्यासाठी असते ते हेच. वर्षास वीस दिवसांची किरकोळ रजा मिळते. तेव्हा कोणत्या लग्नास, कोणत्या सणास यावयाचे, हे मुलीने ठरवावे. मोहरमात कडेगावचे उंच ताबूत भेटतात त्या दिवशी अवघे गाव, सर्व जातिधर्मांचे, एकत्र असते. मुलगी त्या दिवशी नसली तर चुकल्यासारखे वाटणारच. ते सोसावे, आणि बोलून दाखवू नये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. आपल्यापैकी एखादा रुग्णालयात निवासी झाला की गावचा प्रत्येक रुग्ण त्याच्या नावाने चिठ्ठी घेऊन निघतो, आणि बरोबरचे नातेवाईक त्याच्या खोलीवर उतरतात. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. आपल्या जिल्ह्यांतून तेथे जाणाऱ्यांची रीघ सरत नाही. त्यांची अडचण खरी असते. पण एवढ्याशा खोलीत चार माणसे निजली की ज्याने उद्या सकाळी शस्त्रक्रियेस उभे राहावयाचे तो जागाच राहतो. अशा कुटुंबांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिची माहिती आधीच काढून ठेवावी आणि मुलाची खोली मुलासाठी राहू द्यावी. गावास नाही म्हणणे त्या बिचाऱ्यास जड जाते. ते काम घरातील वडिलांनी आपणावर घ्यावे.

तात्पर्य, या तीन वर्षांपुरते घर निवडताना भाडे, नाते व लौकिक ही तीन मापे बाजूस ठेवावीत, आणि एकच विचारावे: रात्रभर जागलेले आपले लेकरू किती पावलांत अंथरुणास पाठ टेकील? जेथे ती पावले कमी व वाट उजेडाची, तेथेच त्याचे घर. कडेगावचे घर तीन वर्षांनी आहेच. ते कोठे जात नाही.