स्थळ पाहताना काय विचारावे?

मुलीसाठी स्थळ पाहायला निघालो की आपला पहिला प्रश्न जमिनीचा असतो. एकर किती, त्यात बागायत किती, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, दारात ट्रॅक्टर आहे का. आम्हीही आजवर हेच विचारत आलो.

ही कसोटी लावली तर साऱ्या देशात पंजाबसारखे स्थळ नाही. कालव्याचे पाणी, सपाट जमीन, वर्षाला गहू आणि भात अशी दोन पिके, वर हमीभावाने खरेदी. याउलट केरळात घराभोवती थोडे गुंठे, चार नारळ, एखादा मिरीचा वेल, आणि खायचा तांदूळही बराचसा बाहेरून येणार. अशा घरी मुलगी द्यायची म्हटले तर आपल्यातला कोणताही बाप दहा वेळा विचार करील.

आता दुसरा हिशेब पाहा. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी नोंदीप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे पंजाबात १०५ माता दगावल्या, केरळात १९. देशाची सरासरी ९७ होती, म्हणजे गव्हाचे कोठार या बाबतीत सरासरीच्याही मागे. २०२० साली हजार मुलांमागे वर्षाच्या आत दगावणारी पंजाबात १८, केरळात ६. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे स्त्रिया पंजाबात ८९५ आणि केरळात १०८४. या शेवटच्या आकड्यावर वाचकांनी थोडे थांबावे. पंजाबात मुली कमी का, याचे उत्तर जमिनीच्या सातबाऱ्यात सापडत नाही.

पंजाबच्या शेतकऱ्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. देशाची दीड टक्का जमीन त्याच्याकडे, पण १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आले त्यानंतर त्यानेच देशाचे रेशन भरले. त्याआधी अमेरिकेच्या गव्हासाठी रांगेत उभी राहिलेली माणसे आपल्या गावांत अजून आहेत, त्यांना विचारावे. मात्र त्याने किंमतही मोठी मोजली. तिथे दरसाल जमिनीत उपसण्याजोगे जितके पाणी मुरते त्याच्या दीडपटीहून जास्त उपसले जाते. शेवटी २००९ साली सरकारला कायदा करून १० जूनच्या आत भाताची लावणी बंद करावी लागली. कापसाच्या पट्ट्यातून बिकानेरच्या इस्पितळाकडे रोगी नेणाऱ्या गाडीला तर लोकांनी ‘कॅन्सर गाडी’ असे नाव ठेवले.

मग केरळने काय केले? पैसा आखातातून आला, असे पटकन म्हणतात. पैसा आला हे खरे, पण शाळा त्याच्या फार आधीच्या. १८१७ साली त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा असा हुकूम काढला. १८६४ साली फादर चावरा (२०१४ पासून संत) यांनी प्रत्येक चर्चपाशी एक शाळा हवी असा आदेश दिला. गरिबांची मुले दुपारी उपाशी राहू नयेत म्हणून घराघरांत भात रांधताना एक मूठ तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा त्यांनी वापरली. १ जानेवारी १९७० पासून कुळांना जमीन आणि मजुरांना राहत्या झोपडीखालची जागा मिळू लागली. २०११ साली तिथे शंभरात सुमारे ९२ स्त्रिया साक्षर होत्या, पंजाबात ७१. पोटुशी बाई वाचू शकते तेव्हा पायांवर आणि तोंडावर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, या खुणा तिला कळतात. सासूने ‘होतं असं’ म्हटले तरी ती दवाखान्यात जाते, आणि तिच्याकडे दवाखानाही पायी जाण्याच्या अंतरावर असतो.

केरळचे सगळेच छान आहे असेही नाही. १९७०-७५ च्या सुमारास तिथे जवळजवळ नऊ लाख हेक्टर भात होता, आज सुमारे दोन लाख उरला आहे. मधुमेह घरोघर, शिकलेली पोरे परदेशी, म्हातारी माणसे मागे एकटी. आणि दुसऱ्याने पिकवलेल्या तांदळावर जेवून पिकवणाऱ्याला मागासलेला म्हणणे आम्हाला पटत नाही.

तरीही दोन्हींतून एक निवडा म्हटले, तर आम्ही आमची मुलगी केरळच्या त्या गुंठ्यांवर देऊ.

आपल्या बेळगाव-खानापूर भागाकडे पाहिले की मन खट्टू होते. बोअर मारायला आपण कर्ज काढतो, एक कोरडी गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. मुलीला मात्र सातवीनंतर घरी बसवतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याच ओळखीच्या एका घरी सातव्या महिन्यात सुनेच्या पायांवर सूज आली. भात लावणी आटोपेपर्यंत कोणी तिला दवाखान्यात नेले नाही. ती वाचली, मूल गेले. त्या घरी सहा एकर बागायत आहे.

ज्यांनी मुलीला सातवीनंतर शाळेतून काढले आहे त्यांनी शाळा उघडण्याच्या आत दाखला घेऊन हायस्कुलात जावे.