ओल्या मातीवर जाळ नको

उज्ज्वला योजना 2016 साली आली आणि मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शीकडच्या वस्त्यांत सिलिंडर पोचले. तरी पहाटे कवेलूंतून धूर निघतोच. सिलिंडर पुन्हा भरणे मजुरीच्या पैशात बसत नाही, आणि सरपण रानात आहे. तेव्हा गॅस परवडेपर्यंत जी चूल पेटते तिचा धूर तरी घरात राहू नये, एवढाच आमचा मुद्दा आहे.

धुराड्याच्या सुधारित चुली गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सरकारी कार्यक्रमातून आल्या. "निर्धूर चूलही धूरच करते," असे त्यांच्याबद्दल बायका म्हणत, आणि ते खोटे नव्हते. ओडिशातील 44 गावांत एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चुलींचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे फायदा विरला. चुली तडकल्या, धुराडी तुंबली, दुरुस्ती झाली नाही. आमच्या मते दोष चुलीपेक्षा या न झालेल्या डागडुजीचा जास्त आहे.

धुराडे धूर ओढते ते आतल्या गरम हवेच्या जोरावर. भांड्याची कड, मागचा वैल, धुराड्याचा सांधा यांत फट पडली की तिथून थंड हवा आत शिरते, ओढ मरते आणि धूर चुलीच्या तोंडातून उलटा घरात येतो. चूल पेटलेली असताना सांध्याजवळ अगरबत्ती धरा. तिचा धूर फटीत ओढला गेला, तर लिंपण आलेच. थंड देशांतल्या बंद लोखंडी चुलींच्या दाराला उष्णता सोसणारी दोरी चिकटवतात. तीही झिजली की बदलावी लागते आणि चिकटा पूर्ण वाळेपर्यंत चूल पेटवायची नसते.

आपला चिकटा म्हणजे वारुळाची माती, शेण आणि धानाचा कोंडा. फट खरवडून, पाणी शिंपडून, मग माती दाबून भरावी. सिमेंट जाळाजवळ टिकत नाही. भंगारातली बॉयलरची पांढरी दोरी सांध्यात कोंबू नका. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, आणि तिचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोगाचा धोका असतो. धुराड्याला जुना सिमेंटी पत्र्यासारखा पाइप असेल तर तोही कापू-फोडू नये.

लिंपण सावलीत वाळू द्यावे. बारीक फटीला दोन-तीन दिवस, जाड थराला आठवडा किंवा जास्त. मग पहिल्या दिवशी काटक्यांचा हलका जाळ. ओल्या मातीवर मोठा जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि तीच फट पुन्हा उघडते.

हे आपल्या आयाबहिणींना माहीत नाही असे नाही. अडते ते वेगळ्याच ठिकाणी: चूल चार दिवस थंड ठेवायची, तर घर जेवणार काय? सकाळी लिंपले की संध्याकाळी भात मागितला जातो. समतेच्या गोष्टी विहारात बोलणाऱ्या आमच्या पुरुषांनी ते चार दिवस आपल्या अंगावर घ्यावेत. शिल्लक गॅस त्यासाठी राखावा, शेजारच्या चुलीवर आळीपाळीने स्वयंपाक करावा, वारुळाची माती स्वतः आणावी. बिडीला कधी हात न लावलेल्या आजीला जुनाट श्वसनरोग होतो, चुलीजवळ निजलेल्या बाळाला न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुराने 2020 साली जगात 32 लाख जीव गेले. शिवाय चांगली चूल सरपण कमी खाते. ताडोबाच्या आसपास मोळीसाठी रानात जाणे म्हणजे वाघाच्या वाटेत जाणे, हे कुणाला सांगायला नको.

मृगाच्या पावसानंतर माती वाळत नाही. म्हणून बुद्ध पौर्णिमेनंतरचे कोरडे दिवस या कामाला धरावेत. विहार समितीने घरोघर चुली पाहाव्यात, लिंपणात हात बसलेल्या बाईला सोबत घ्यावे आणि तिला मजुरी द्यावी. 1956 साली 16 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाच्या चंद्रपूरच्या मेळ्यात ग्रंथांच्या दुकानांशेजारी मातीची एक चालती चूलही मांडता येईल.